तुळाईचा आवाज

वृषाली बिरंजे लेकीच्या पुण्यातल्या फ्लॅटचं दार ढकलून आत आली, तेव्हा आतल्या खोलीतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"बस की जरा, चिमणे," आवाज म्हणत होता. "पाय वर घे. सुजलेत बघ किती."

कडबोळ्यांचा डबा हातात धरून वृषाली तिथंच थबकली. आवाज तिचाच, यात शंकाच नको. 'बस की'मधला तो कोल्हापुरी हेल, वाक्य संपताना किंचित खाली उतरणं, सगळं तिचं. अडचण एवढीच, की वृषालीला आता आवाजच नव्हता. घशाच्या कर्करोगात डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. गळ्याला पुढून भोक पाडलेलं, श्वास तिथूनच, वरून मऊ रुमाल. तोंडातून हवाच जात नाही म्हटल्यावर कुजबुजसुद्धा होत नाही, की फुंकर मारून चहा निववता येत नाही. आयुष्यभर आवाजावर जगलेल्या बाईची ही गत.

खोलीत गार्गी, तिची एकुलती एक लेक, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत आरामखुर्चीत बसली होती. डोळ्यांवर गेमचा चष्मा, आणि आवाज कोपऱ्यातल्या स्पीकरमधून. आईची चाहूल लागली तशी तिने चष्मा काढला. नेहमीसारखं हसली नाही.

"आलीस?" ती म्हणाली. "ठेव डबा आत."

डोहाळजेवण दुसऱ्या दिवशी होतं. हिरवी साडी, ओटीचं सामान, पाच प्रकारच्या भातांचं साहित्य, सगळी तयारी वृषालीने कोल्हापूरहून आणली होती. डोहाळजेवण झालं की लेकीला घेऊन माहेरी जायचं, बाळंतपण तिथं करायचं, असं दोघींचं केव्हाच ठरलं होतं. पाळणासुद्धा रंगवून तयार होता. गार्गीने डब्याकडे बघत सांगितलं, "आणि आई, बाळंतपणाला मी कोल्हापूरला येत नाहीये. सासूबाई करतील इथंच."

वृषालीने डबा तिथंच खाली ठेवला.

हे काय होऊन बसलं होतं, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

'सावळदरी' हा गेम ज्यांच्या तारुण्यात आला, त्यांना त्याच्याबद्दल नव्याने सांगायला नको. मराठीत एवढा मोठा रोल-प्लेइंग गेम तोवर कुणी केला नव्हता. खेळणाऱ्याने वाटसरू व्हायचं, सोबती जमवायचे, आणि धुक्याने गिळलेली दरी ओलांडून वरच्या कोटापर्यंत पोचायचं. सोबत्यांत एक वैदूबाई, तुळाई. ती जखमा बांधते, वाटसरूला टोमणे मारते, आणि निम्म्या वाटेवर शेकोटीपाशी सांगते, की आपलं तान्हं मूल तिने नदीकाठच्या देवळात ठेवून दिलं. "लेकरू नको होतं मला. ठेवलं, आणि मागं न बघता चालत सुटले." त्या शेकोटीपाशी पोरं ढसाढसा रडली होती. आज तीच पोरं टक्कल पडलेले बाप्ये झालीत आणि अजून त्या वाक्याने गप्प होतात.

तुळाईचा आवाज वृषालीचा. गेमचं रेकॉर्डिंग राजारामपुरीत झालं, एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या खोलीत. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, टेक सुरू झाला की पंखा बंद, आणि दिवस मे महिन्याचे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट दिलावर मुजावर. ह्या माणसाची एक खोड होती. माइकची पातळी लावायला त्याला 'हॅलो, वन टू थ्री' चालायचं नाही. "त्यात माणूस नसतो हो ताई," तो म्हणायचा. "घरच्या कुणाशी तरी बोला. घरात लागतो तो आवाज खरा. मी त्याच्यावर लेव्हल धरतो."

घरी वृषालीचा नवरा कारखान्याच्या पाळ्यांमध्ये अडकलेला. बोलायचं कुणाशी? ती तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. मग पोटाशीच बोलायची. "काय गं चिमणे, जागी आहेस का? लवकर ये बाई, वाट बघून जीव दमला माझा." एवढं बोलून थांबायची. काचेपलीकडून दिलावर अंगठा वर करायचा, आणि पुढच्या क्षणी वृषालीची तुळाई व्हायची. प्रत्येक टेकच्या आधी हे असंच. मशीन सकाळी सुरू झालं की संध्याकाळीच बंद व्हायचं, मधलं काही कापायची पद्धत नव्हती. घरचं बोलणं आणि वैदूबाईचं बोलणं एकाच लांबलचक फितीत, एकापाठोपाठ.

ही दिलावरची साधी खोड तीस वर्षांनी कुणाचं घर मोडायला निघेल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

पुढे गेमचे हक्क पुण्यातल्या एका नव्या कंपनीने घेतले आणि 'सावळदरी' रीमास्टर करून पुन्हा बाजारात आणायचं ठरवलं. संमतीसाठी त्यांची माणसं वृषालीकडे आली तेव्हा ती दवाखान्यात होती, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तिने दुसरा विचारसुद्धा केला नाही. गळ्यातून जाणारा आवाज निदान कुठंतरी राहील, या आनंदात तिने सही ठोकली. आवाज फक्त गेमसाठी वापरायचा, दुसरीकडे कुठंही नाही, अशी अट त्यात होती. वृषालीला स्वतःलाही तो वापरायची मुभा नव्हती. त्यामुळे वृषाली फोनवर लिहायची आणि फोन तिचं लिखाण एका तयार आवाजात वाचायचा. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईचा असतो ना, तसला कोरडा आवाज.

जुन्या गेममध्ये संवाद ठरलेले असत. खेळणारा तीनातला एक प्रश्न निवडणार, आणि तुळाई शंभरदा तेच उत्तर देणार. नव्या आवृत्तीत कंपनीने संवादइंजिन बसवलं. ते जुन्या फिती ऐकून नुसता आवाज उचलत नाही, बोलण्याची रीत उचलतं. हे माणूस कुठं श्वास घेतं, कशाला हसतं, कोणता विषय टाळतं, लाडाने काय हाक मारतं. मग त्या रीतीने ते नवी वाक्यं बनवतं, कुणीही काहीही विचारलं तरी.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती जास्त घातक. चष्मा खेळणाऱ्याच्या बुबुळांवर आणि नाडीवर लक्ष ठेवतो. कुठल्या वाक्यापाशी खेळणारा थबकला, कशाने त्याचं काळीज हललं, ते इंजिनाला कळतं. जिथं थबकला तिथंच पात्र पुन्हा पुन्हा जातं, अधिक खोल जातं. खेळणाऱ्याने गेम सोडून जाऊ नये, एवढंच त्याचं काम. ऐकणाऱ्याला सुख होतंय का दुःख, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गार्गीने गेम घेतला तो निव्वळ आईचा आवाज ऐकायला. पहिल्याच शेकोटीपाशी तुळाई तिला म्हणाली, "काय गं चिमणे, जागी आहेस का?" गार्गी हमसून हमसून रडली. 'चिमणे' ही हाक जगात दोघींनाच ठाऊक. त्या दिवसापासून तिच्या लेखी ती तुळाई राहिली नाही, आई झाली. बोलणारी आई.

"तू तिला विचारलंस तरी काय?" डोहाळजेवणाच्या दिवशी बायका पांगल्यावर वृषालीने फोनवर लिहिलं. स्टेशनवरची बाई ते सपाट स्वरात बोलली.

गार्गीच्या अंगावर अजून फुलांचे दागिने होते. "जे तुला कधी विचारायची हिंमत झाली नाही ते. मी तुला हवी होते का, म्हणून विचारलं."

"मग?"

"ती म्हणाली, लेकरू नको होतं मला, चिमणे. ठेवलं, आणि मागं न बघता चालत सुटले." गार्गीने मनगटावरचा गजरा ओढून काढला. "पाचगणीच्या शाळेच्या फाटकातून तू मागं वळून बघितलं नव्हतंस, आई. पहिलीत होते मी. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. मी गजाला धरून उभी होते. तू वळलीच नाहीस."

हे मात्र खरं होतं. वृषाली वळली नव्हती. वळली असती तर पोरीला उचलून घरी घेऊन आली असती, आणि मग डबिंगला कोण जाणार होतं, खायला कोण घालणार होतं? एस.टी.त बसून ती साताऱ्यापर्यंत पदर तोंडात कोंबून रडली होती. हे सगळं एका दमात सांगायला आवाज लागतो. तिने भराभर लिहिलं, बोटं चुकली, पुन्हा लिहिलं. स्टेशनवरच्या बाईने तो सगळा आकांत गाडी उशिरा येत असल्याच्या थाटात वाचून दाखवला. 'पदर तोंडात कोंबून' या शब्दांवर तर ती अडखळलीसुद्धा.

गार्गीने कानावर हात ठेवले. "बंद कर ते, आई. प्लीज."

"ते वाक्य तुळाईचं आहे. गेममधलं. माझं नाही."

"वाक्य गेममधलं, मग 'चिमणे' कुठलं? ते कुणी लिहून दिलं होतं?"

आता काय सांगायचं कपाळ! वृषालीने दिलावरची खोड, पोटाशी बोलणं, सगळं लिहिलं. ते वाचून झाल्यावर गार्गी म्हणाली, "लिहिताना माणूस विचार करून लिहितं, आई. खोडतं, सुधारतं. ती विचार करून बोलत नाही. तोंडात येईल ते बोलते. म्हणून मला तिचं खरं वाटतं."

पोटच्या पोरीने असं म्हणावं, यासारखं दुसरं मरण नाही. वृषाली साडीच्या घड्या घालत बसली.

दुसऱ्या दिवशी ती कंपनीत जाऊन थडकली. इंजिनावर काम करणारी केतकी पटवर्धन नावाची मुलगी भेटली. पोरगी बिचारी चांगली होती, तिने सगळं ऐकून घेतलं, फिती तपासल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"आम्ही संपूर्ण रेकॉर्डिंग इंजिनाला दिलं, मॅडम. बाकी सगळ्या कलाकारांच्या फितींत टेकच्या आधी हॅलो-हॅलो असतं, ते इंजिन आपोआप टाकून देतं. तुमच्या फितीत तिथं खरं बोलणं आहे. तेही बाळाबद्दल. आणि पुढं तुळाईही बाळाबद्दलच बोलते. इंजिनाला दोन्ही सारखंच. एकच बाई, एकच आवाज, एकच विषय."

"मग वेगळं करा," वृषालीने लिहिलं.

"दुधात विरघळलेली साखर कशी वेगळी करायची, सांगा ना." केतकीने मान खाली घातली. "एकच करता येतं. कायद्याने आवाजाच्या मालकाला संमती केव्हाही मागे घेता येते. तुमच्या फोनवरूनच. मग आम्हाला तुमचा आवाज मुळापासून पुसावा लागेल, जुन्या फितींसकट. पण तो परत येणार नाही, मॅडम. कुठंच."

वृषालीने तिथल्या तिथं फोन उघडला. एवढ्यात जावयाचा, इंद्रजितचा, निरोप आला. तो भला माणूस होता, पण घाबरट. 'आई, कंपनीत गेलात ना? गार्गीचं बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणतात शांत राहायला हवं. ती फक्त तुमच्या त्या आवाजाने शांत होते. माझी विनंती आहे, सध्या काही करू नका.'

सध्या काही करू नका! वृषालीने फोन पर्समध्ये टाकला. बाळ सुखरूप येऊ दे, मग बघू, असं तिने मनाशी ठरवलं.

पण गप्प बसवेना. कोल्हापूरला परतल्यावर तिने दिलावरला गाठलं. दिलावरभाई आता सत्तरीचे, हाताला कंप, कानाला यंत्र. पण जुन्या फिती त्यांनी लेकरासारख्या जपल्या होत्या. सगळं कळल्यावर ते कपाळाला हात लावून बसले.

"माझ्या खोडीपायी झालं का हे, ताई? चला. मी येतो. लेकीला मूळ फीत ऐकवतो. कंपनीचं काय नको नि इंजिनाचं काय नको. कानानं ऐकल्यावर कुणाचा बाप नाही म्हणंल?"

त्या वयात दिलावरभाई एवढा प्रवास करून पुण्याला आले. गार्गीच्या हॉलमध्ये त्यांनी आपलं जुनं मशीन मांडलं आणि बटण दाबलं. आधी पंखा बंद झाल्याचा खटका ऐकू आला. मग सत्तावीस वर्षांची वृषाली, उकाड्याने वैतागलेली, पण हसरी.

"काय गं चिमणे, जागी आहेस का? आज लई लाथा मारतेस. लवकर ये बाई, वाट बघून जीव दमला माझा. तुझ्यासाठी दुपटी शिवून ठेवलीत बारा-पंधरा. तुझा बाबा हसतो मला."

मग गप्प. मग दिलावरचा तरणा आवाज, "आली लेव्हल, ताई. टेक!" आणि लगेच वैदूबाई: "लेकरू नको होतं मला..."

 वृषालीच्या गालावरून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, झालं. पोरीने ऐकलं. आता उठेल आणि गळ्यात पडेल.

गार्गीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग दिलावरभाईंकडे बघून अगदी मऊपणाने विचारलं, "काका, हे कधी बनवलंत?"

"बनवलं?" दिलावरभाईंना ऐकू आलं नसावं असं वाटलं. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. "बनवलं म्हंजे काय, बाळ? हे मी माझ्या हातानं रेकॉर्ड केलंय. तू पोटात होतीस."

"आवाज आहे, खटका आहे, पंखा आहे. हे सगळं आता बनवता येतं, काका. माझ्या ऑफिसात चार ओळी लिहिल्या की दुपारपर्यंत तयार होतं. आईने तुम्हाला विनंती केली असेल, तुम्ही तिच्यासाठी केलंत. मला राग नाही." तिने पोटावर हात ठेवला. "पण मला जे हवं होतं तेच नेमकं त्यात आहे. दुपट्यांसकट. हवं तेच मिळालं की समजायचं, कुणीतरी बनवलंय."

दिलावरभाईंनी मशीन आवरलं. जिन्यात ते वृषालीला एवढंच म्हणाले, "ताई, आता खरं कशात ठेवायचं माणसानं?" वृषालीने उत्तर लिहिलं असतं, तरी ते स्टेशनवरच्या बाईनेच सांगितलं असतं.

गार्गीला मुलगी झाली. वृषालीला फोनवर फोटो आला. बारशाला बोलावणं आलं, तेही पाहुणीला येतं तसं, वेळ आणि पत्ता घालून. जाताना वृषालीने मनाशी पक्कं केलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आता पुसून टाकायचा तो आवाज. आज लेकीला फसवतोय, उद्या नात मोठी होईल, तीही एक दिवस शेकोटीपाशी जाऊन बसेल आणि विचारेल, मी हवी होते का? आणि तो आवाज तिलाही तेच सांगेल. पोरगी आयुष्यभर तोंड बघणार नाही, न बघू दे. असलं विष आपल्या आवाजात नको.

बारसं झालं. घुगऱ्या वाटून बायका गेल्या, सासूबाई जरा आडव्या झाल्या. इंद्रजितने बाळ आणून वृषालीच्या मांडीवर ठेवलं. "घ्या आई, आजीकडे द्यायलाच हवं." गार्गी पलंगावर उशीला टेकून बसली होती, थकलेली. तिने डोळे मिटून घेतले.

बाळ जागं झालं आणि रडू लागलं. वृषालीने मांडी हलवली, थोपटलं, छातीशी धरलं. आजीला येतं ते सगळं केलं. पण 'अले अले' म्हणता येईना, की गुणगुणता येईना. तोंड नुसतं उघडत-मिटत राहिलं. गळ्याच्या रुमालातून हवेचा सूं सूं आवाज येऊ लागला, त्याने बाळ अधिकच बिथरलं, लालबुंद झालं. 

गार्गीने डोळे न उघडता म्हटलं, "तुळाई, घे गं हिला जरा."

कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज आला. "काय गं चिमणे, जागी आहेस का? लवकर ये बाई, वाट बघून जीव दमला माझा."

बाळाने रडणं थांबवलं. हुंदका अर्ध्यावर राहिला, मान वळली, आणि ते आजीच्या कुशीतून त्या कोपऱ्याकडे टक लावून बघू लागलं. पोटात असल्यापासून रोज ऐकलेला आवाज तो. त्याला तेवढाच ओळखीचा.

"बघ आई," गार्गी म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही राग नव्हता. "तिला कसं जमतं."

वृषालीने एका हाताने पर्समधला फोन काढला. संमती मागे घेण्याचं पान उघडंच होतं. खाली लाल बटण, त्यावर तिचं नाव. दाबलं की खोलीत शांतता, आणि मग नातीचं रडं. आणि ते थांबवायला आजीकडे काहीच नाही.

स्पीकर अजून गप्प होता. हाक मारून झाली होती, पुढचं काही येत नव्हतं. "हे असं मध्येच का थांबतं कळत नाही," इंद्रजित म्हणाला. "दर वेळी याच वाक्यानंतर. मग अंगाई सुरू होते."

वृषालीला कळत होतं. त्या आवाजाला तिथं थांबायची सवय होती. काचेपलीकडून कुणीतरी होय म्हणेपर्यंत थांबायचं, मग वैदूबाई व्हायचं.

तिने फोन पालथा घालून गादीवर ठेवला. बाळाला नीट धरलं. आणि कुणाचं लक्ष नसताना, त्या कोपऱ्याकडे बघून, हळूच अंगठा वर केला.

तुळाई गाऊ लागली. बाळाने डोळे मिटले.